राजाचं नाव शेवटी वाचा

वाचकांचे प्रश्न : जुन्या वस्तू आणि त्यांचं जतन

युरोपातल्या राजघराण्यांसाठी घडवलेल्या जुन्या शिकारी बंदुकांवर मी गेल्या अंकात लिहिलं होतं. अशी बंदूक समोर आली की आधी कारागिराची खूण शोधावी आणि राजाचं नाव शेवटी वाचावं, असं त्यात म्हटलं होतं. काही वाचकांना ते पटलं नाही. काहींना घरातल्या कपाटावर गुंडाळून ठेवलेली बंदूक आठवली. संग्रहालयाच्या जतन विभागात नोकरी करताना धातू आणि लाकूड हेच माझं काम होतं, त्यामुळे नौपाड्याच्या पत्त्यावर आलेली ही पत्रं वाचताना मला मनापासून आनंद झाला. निवडक प्रश्नांची उत्तरं देते.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांची दुनळी बंदूक आहे. ते शहापूरकडे जंगलाचे ठेकेदार होते. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर लंडनच्या एका दुकानाचं नाव आहे आणि शेजारी ‘राजेसाहेबांचे बंदूक बनवणारे’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. त्याच पट्टीवर सोन्यात २ हा आकडा आहे. बंदूक मोडून उघडली की नळ्यांच्या खालच्या बाजूला मुकुटाच्या खुणा दिसतात. ही इंग्लंडच्या राजासाठी केलेली बंदूक आहे, असं आजोबा सांगायचे. वडील गेल्या वर्षी वारले. आजोबा म्हणायचे ते खरं असेल का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : राजाकडे वळण्याआधी परवान्याचं बघू. परवाना वडिलांच्या नावावर होता आणि बंदूक अजून घरातच असेल, तर हा अंक बाजूला ठेवून आधी पोलीस ठाण्यात जा. परवानाधारक गेल्यावर शस्त्र वेळ न दवडता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं, पावती घ्यावी लागते आणि मग वारसाने आपल्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. ऐरोलीकरांसाठी तो अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तांकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वडिलोपार्जित बंदूकही त्या दोनांतच मोजतात. ‘जुनी आहे, चालत नाही, मग परवाना कशाला’ असं शेजारी सांगतील. कायद्यात पुराण्या वस्तूंना सूट आहे, पण दुरुस्त करूनही जिच्यातून बार उडू शकणार नाही अशाच शस्त्राला. तुमच्या वर्णनावरून तुमची बंदूक त्यात बसेल असं मला वाटत नाही. बसते की नाही, हे घरी बसून ठरवायचंही नसतं.

आता मुकुट. तुम्ही पाहिलेल्या खुणा बहुधा नळ्यांच्या तपासणीच्या आहेत. इंग्लंडमध्ये बंदूक विकण्याआधी तिच्या नळ्या अधिकृत तपासणी कचेरीत पाठवाव्या लागत. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत. नळी फाटली नाही, फुगली नाही, तर तिच्यावर ठसा मारत, आणि त्या ठशात मुकुट असे. लंडनच्या ठशात मुकुटाखाली जी आणि पी ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात, दुसऱ्या ठशात मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमची कचेरी १८१३ ची. तिच्या जुन्या ठशात मुकुट आणि दोन राजदंडांची फुली असते, १९०४ नंतरच्या ठशात मुकुटाखाली बीपी आणि बीव्ही. बेल्जियममधल्या लीएजच्या बंदुकांवर लंबगोलात ईएलजी अक्षरं असतात आणि १८९३ पासून त्या लंबगोलावरही मुकुट बसला. म्हणजे लीएजची साधी शेतकऱ्याची बंदूकही मुकुट मिरवते. भिंग घ्या आणि मुकुटाखालची अक्षरं वाचा. कुठे ‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द दिसले तर मला जरूर कळवा. तो ठसा १८७५ ते १८८७ याच काळात मारत. नळीचं तोंड आतून किंचित निमुळतं आहे, तिच्यातून छर्रेच उडवा, गोळी उडवू नका, असा त्याचा अर्थ. त्या एका ठशावरून बंदुकीचं वय बारा वर्षांच्या आत येतं.

पट्टीवरचा मजकूर दुकानाबद्दल बोलतो. राजघराण्याला माल पुरवणाऱ्या दुकानदाराला तसा मान मिळे आणि तो मान तो आपल्या प्रत्येक बंदुकीवर, पेटीवर, बिलावर छापत असे. अशा दुकानातून विकत घेणारे होते जमीनदार, बँकवाले, लष्करी अधिकारी आणि आपल्याकडचे संस्थानिक. शिवाय इंग्रजी बंदूक घ्यायला लंडनला जावंच लागे असंही नाही. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स या लंडनच्या दुकानाने मुंबईत १८९१ मध्येच दुकान थाटलं होतं. ठेकेदाराच्या हाती ती कुणा साहेबाकडून आली असेल, लिलावातही आली असेल.

मला खरी उत्सुकता आहे ती त्या सोन्यातल्या २ ची. तो आकडा सांगतो की तुमची बंदूक जोडीतली दुसरी आहे. हाकाऱ्यांनी पक्षी उठवायचे आणि रांगेत उभं राहून ते टिपायचे, अशा शिकारीत माणसामागे बंदूक भरून देणारा गडी उभा असे. एक बंदूक रिकामी झाली की ती मागे द्यायची आणि दुसरी घ्यायची. दोन्ही बंदुका हातात अगदी एकसारख्या बसल्या पाहिजेत, म्हणून दस्ते एकाच झाडाच्या अक्रोडी फळीतून काढत, वजन जुळवत, नक्षीही जुळवत. आकडा घातला नाही तर मालकालाही त्या वेगळ्या ओळखता येत नसत. तुमच्या बंदुकीची १ क्रमांकाची बहीण कुठेतरी आहे किंवा होती.

हे तपासायचा रस्ता असा. चापाभोवतीच्या लोखंडी कमानीची शेपटी दस्त्यात मागे जाते, तिच्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो. तोच अनुक्रमांक नळ्यांवर आहे का, ते बघा. दस्त्याच्या खालच्या कडेला सोन्याची किंवा चांदीची छोटी लंबगोल टिकली असेल. मालकाची आद्याक्षरं किंवा कुलचिन्ह तिथे कोरत. राजाची बंदूक असेल तर राजाची खूण तिथे सापडायला हवी. लंडनच्या चांगल्या दुकानांनी आपल्या वह्या जपल्या आहेत. अनुक्रमांक कळवला तर कोणत्या साली कुणासाठी केली, नळ्या किती इंची, जोडीतली की एकटी, हे नोंदीतून कळू शकतं. हे सगळं शस्त्र जमा केल्यानंतर, पोलिसांच्या किंवा विक्रेत्याच्या समक्ष करा. वहीत कुणा कर्नलचं नाव निघालं तरी हिरमुसू नका. बंदूक तीच राहते आणि ती घडवणारे हातही तेच, जे राजासाठी काम करत होते.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. दिवाळीनंतर आम्ही दोघं जाणार आहोत आणि यांना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं शस्त्रदालन बघायचंच आहे. मला हत्यारांची आवड नाही. मी तिथे काय बघू? — एक वाचिका, वसंत विहार, ठाणे

उत्तर : तुम्हाला दागिने, घड्याळं, लाकडी जडावकाम यांतलं काही आवडत असेल, तर तुमचे यजमान पुढच्या दालनात गेले तरी तुम्ही तिथेच राहाल. तीन वस्तू सांगते.

पहिली खरं तर शिकारी बंदूक नाही, पिस्तूल आहे, पण सुरुवात तिथूनच करा. पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स याच्यासाठी म्यूनिकच्या पीटर पेक याने १५४० ते १५४५ च्या सुमारास ते केलं. दोन नळ्या आणि प्रत्येक नळीला आपली वेगळी कळ, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा. पेक घड्याळजीही होता आणि ही कळ पाहिली की ते लगेच ध्यानात येतं. तिच्यात दातेरी कडेचं एक पोलादी चाक असतं. किल्लीने ते फिरवून ताणून ठेवायचं. वर चिमट्यात धरलेला माक्षिकाचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या खनिजाचा, खडा चाकावर टेकवायचा. चाप ओढला की चाक गर्रकन फिरतं, खड्याला घासतं, ठिणग्या रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूवर, पडतात आणि बार उडतो. त्याआधीच्या तोड्याच्या बंदुकीत सतत जळती वात हाताशी लागे. पावसात ती विझे, रात्री तिचा लाल ठिपका दिसे आणि हरणाला तिचा वास आधीच लागे. चाकाच्या कळीमुळे बंदूक भरून, ताणून, घोड्यावर बसता येऊ लागलं. पण ही कळ करायला घड्याळाइतकं कसब लागे आणि पैसाही तितकाच, म्हणून ती बहुतेक धनिकांच्या आणि राजांच्याच हाती राहिली. दस्त्यावर हरणाच्या शिंगाचे पांढरे तुकडे जडवलेले दिसतील आणि लोखंडावर दोन तोंडांचा गरुड आणि दोन स्तंभ ही चार्ल्सची चिन्हं.

दुसरी वस्तू माझ्या जिवाजवळची. फ्रान्सचा तेरावा लुई याची चकमकीची बंदूक, साधारण १६२० ची. नॉर्मंडीतल्या लिझ्यू गावच्या ल बुर्ज्वा कुटुंबाच्या कारखान्यातली ही वस्तू आणि पिएर ल बुर्ज्वाचं काम म्हणून ती ओळखली जाते. त्याचा भाऊ मारॅं चित्रकारही होता, वाद्यंही करायचा. चौथ्या हेन्री राजाने त्याला लूव्र राजवाड्यात राहायला जागा दिली होती. खऱ्या अर्थाने चकमकीची म्हणता येईल अशी कळ पहिल्यांदा बसवल्याचं श्रेय त्यालाच देतात. त्या कळीत गारगोटी एका पोलादी पात्यावर आपटते, ठिणगी पडते आणि त्याच धक्क्यात रंजकदानीचं झाकणही उघडतं, कारण पातं आणि झाकण एकाच तुकड्याचं केलेलं आहे. चाक गेलं, किल्ली गेली, कळ स्वस्त झाली आणि पुढची दोनशे वर्षं जगभरच्या फौजा याच कळीवर लढल्या. १८०७ मध्ये फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने ठिणगीऐवजी ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे तिचे दिवस भरत आले.

लुईला लहानपणापासून बंदुकांचं वेड होतं. त्या सुट्या करायच्या, पुन्हा जोडायच्या, हे तो स्वतः करी. त्याने मोठा शस्त्रसंग्रह जमवला आणि पुढे चौदाव्या लुईच्या काळात त्याची यादी झाली, तेव्हा प्रत्येक बंदुकीच्या दस्त्यावर लाकडात यादीतला अनुक्रमांक ठोकला गेला. १३ जुलै १७८९ ला पॅरिसच्या जमावाने राजाच्या त्या कोठारात शिरून हाताला लागेल ते हत्यार उचललं. पुढच्या युद्धांत उरलेला संग्रहही पांगला. आज जगात कुठे या संग्रहातली बंदूक निघाली तर तिची ओळख त्या लाकडात ठोकलेल्या आकड्यावरून पटते. कुणा उत्साही मालकाने मधल्या काळात दस्ता पॉलिश पेपरने घासून नवा केला असता, तर ती ओळख पुसून गेली असती. म्हणून काचेशी वाकून दस्ता नीट न्याहाळा. दालनातली सगळी नक्षी एकीकडे आणि तो ओबडधोबड ठसा एकीकडे, असं मला वाटतं.

(यात आणखी एक गोष्ट मिसळून येते, म्हणून सांगून टाकते. सोळाव्या लुईने १४ जुलै १७८९ ला रोजनिशीत ‘काही नाही’ एवढंच लिहिलं, यावरून त्याला फार नावं ठेवली जातात. ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची होती. त्या दिवशी शिकार झाली नाही, एवढंच ती नोंद सांगते.)

तिसरी वस्तू रशियाच्या कॅथरिन महाराणीची. सेंट पीटर्सबर्गच्या योहान आडोल्फ ग्रेके याने १७८६ मध्ये केलेली पिस्तुलांची जोडी, दस्ते सबंध हस्तिदंती. एकाच संचातली शिकारी बंदूक वेगळी आणि पिस्तुलं वेगळी अशी या कामांची वाटणी आता देशोदेशी झाली आहे. हस्तिदंताबद्दल मनात खळबळ होईल, माझीही होते. तरी पोलाद आणि दंत जिथे भेटतात ती कड बघा. पोलादासाठी दंतात खाच करायची आणि चुकली तर सगळा तुकडा वाया. तिथे केसभरही फट दिसत नाही.

यजमानांना पुढे कधी युरोपात जायचं झालं तर व्हिएन्ना आणि स्टॉकहोम सुचवा. १६७३ मध्ये चौदाव्या लुईने स्वीडनच्या अकराव्या चार्ल्सला घोडे, खोगिरं आणि बंदुका-पिस्तुलं भेट पाठवली होती. त्यातल्या वस्तू अजून स्टॉकहोमच्या राजशस्त्रागारात आहेत.

प्रश्न : घरात भिंतीवर लावलेली ठासणीची जुनी बंदूक आहे. पावसाळ्यात तिच्यावर तांबूस थर येतो. पितळेचं पॉलिश आणि बारीक पॉलिश पेपर वापरावा का? — एक वाचक, वाशी

उत्तर : दोन्ही नको, कृपा करून नको. आणि साफसफाईच्या आधी हे तपासा : ती भरलेली आहे का? ठासणीच्या जुन्या बंदुका शंभर-शंभर वर्षं भरलेल्या अवस्थेत सापडतात आणि काळी दारू कोरडी राहिली तर ती पेटू शकते. तोंडासमोर न येता, बाजूला उभं राहून, एक लाकडी काठी नळीत अलगद सोडा. जिथे टेकेल तिथे तोंडाशी खूण करा. तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. काठी रंजकाच्या भोकापर्यंत पोचत नसेल, चार बोटं अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. तिला हात न लावता पोलिसांना कळवा. परवान्याबद्दल ऐरोलीच्या वाचकांना जे लिहिलं ते तुम्हालाही लागू आहे.

तांबूस थर नेहमी गंज असतोच असं नाही. चांगल्या नळ्यांवर कारागीर मुद्दाम तपकिरी थर चढवत. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, त्यांची फीत सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून केलेल्या नळीवर त्याच थरातून वेलबुट्टीसारखी रेघारेघांची नक्षी उमटते. पॉलिश पेपरने ती काही मिनिटांत जाते आणि पुन्हा येत नाही. सैल, पावडरीसारखा गंज असेल तर हलकं तेल लावलेल्या मऊ सुती कापडाने टिपा, घासू नका. मग कोरड्या कापडाने पुसून जतनासाठी मिळणाऱ्या मेणाचा पातळ हात द्या. उघड्या हातांनी धरू नका, घामातलं मीठ लोखंडात बसतं. खाडीजवळच्या घरात बाहेरच्या भिंतीला लावू नका, आतल्या भिंतीला लावा. चामड्याच्या पेटीत तर मुळीच ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पितळेला हिरवं चढतं. गारगोटी किंवा टोपी (ठोक्याने पेटणारी दारू भरलेली धातूची छोटी वाटी) नसताना घोडा रिकामा आपटू नका, जुना घोडा तुटतो.

आणि कुणी म्हणालं की दुनळीत आजचं काडतूस घालून बघू, तर त्याला थांबवा. पिळाच्या नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी आहेत आणि जुन्या काडतूसघराची लांबी आजच्या काडतुसापेक्षा बहुधा कमी असते.

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्र शिकतो. तुमचा लेख वाचून राग आला. या बंदुकांनी हजारो प्राणी मारले. त्यांचं कौतुक का करायचं? — एक विद्यार्थी, खारघर

उत्तर : तुझा राग रास्त आहे आणि त्याला आकड्यांची जोड हवी, तर ती मी देते. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबार आटोपून पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. शेकडो हत्तींचं कडं करून वाघ कोंडले जात. त्या मुक्कामात ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले. दोन वर्षांनी, १८ डिसेंबर १९१३ ला, इंग्लंडमध्ये हॉल बार्न इथे एका दिवसात ३,९३७ फेझंट पक्षी पाडले. तिथेही राजा होता आणि आज जरा जास्तच झालं, असं तो परतताना मुलाला म्हणाला. ज्याच्या खुनानंतर पहिलं महायुद्ध पेटलं तो ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड स्वतःच्या शिकारीची नोंद ठेवायचा. तिची बेरीज २,७४,८८९ होते. १८९३ मध्ये तो हिंदुस्थानातही शिकार करून गेला. माणसंही मेली. १७३२ मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सच्या हातून शिकारीत बार लागून श्वार्त्सेनबर्गचा राजपुत्र गेला.

यातलं काहीही मी झाकत नाही आणि माझ्या लेखी या शिकारींत गौरव करण्यासारखं काही नाही. राजाचं नाव शेवटी वाचा, असं मी म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे.

पण तू पर्यावरण शिकतोस, म्हणून तुला एक जास्तीचं सांगते. हे आकडे बंदुकीच्या घडणीतून येतात. ठासणीची बंदूक भरायची म्हणजे दारू ओता, गजाने डाट ठासा, छर्रे ओता, पुन्हा डाट ठासा, टोपी लावा. तोवर थवा डोंगराआड जाई. १८३० च्या दशकात पॅरिसच्या लफोशो या बंदूकवाल्याने नळी मोडून मागून भरायची, खिळ्यावर ठोका बसून पेटणाऱ्या काडतुसाची बंदूक आणली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती इंग्रजांनी पाहिली आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत सगळं पालटलं. मागून मोडायची नळी, मधोमध ठोका बसणारं काडतूस, १८७५ ची अॅन्सन आणि डीली यांची आत लपलेल्या घोड्यांची सुटसुटीत कळ, रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारी योजना आणि मागे दुसरी बंदूक भरून उभा असलेला गडी. एका माणसाला दिवसात हजार पक्षी पाडणं या साखळीमुळे जमलं. प्रजाती का आटल्या, हे शिकायचं असेल तर या कळीही शिकायला हव्यात. पाचवा जॉर्ज स्वतः शेवटपर्यंत बाहेर घोडे असलेल्या जुन्या धाटणीच्या, लंडनच्या पर्डी दुकानाच्या बंदुकाच वापरत राहिला, पण त्या त्याला पुरेशा वेगाने भरून मिळत होत्या.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. येऊरच्या जंगलात आज बिबटे आहेत ते त्या कायद्याच्या आधाराने. ती बंदी अजून कडक पाळली जावी, याच बाजूची मी आहे. तरीही बंदूक वितळवून टाकली तर वाघ परत येत नाही, फक्त तो कसा मारला गेला याचा पुरावा जातो. तुझा राग घेऊनच संग्रहालयात जा.

प्रश्न : राजघराण्याच्या बंदुकीची किंमत किती येते? परदेशी लिलावात पाठवता येईल का? — एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : किंमत मी सांगत नाही, या सदरात कधीच सांगितलेली नाही. परदेशी पाठवण्याबद्दल मात्र स्पष्ट उत्तर आहे : शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शस्त्र कायदा त्याच्यावर आणखी वेगळा.

प्रश्न : मी वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर फिटर म्हणून काम केलं. तुमच्या लेखात ‘केसभरही फट नाही’ असं होतं. ग्राइंडिंग मशीन नसताना हे फिटिंग कसं काढायचे? आणि चपटी स्प्रिंग इतकी वर्षं टिकते कशी? — एक निवृत्त कामगार, ठाणे

उत्तर : या महिन्यातला हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. तुमच्याइतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला नाही.

तुम्ही दोन पृष्ठं बसवताना एकावर निळा रंग लावून दुसऱ्यावर टेकवत असाल आणि जिथे निळं उमटेल तिथे स्क्रेपरने खरवडत असाल. त्यांनीही तेच केलं, फक्त निळ्या रंगाऐवजी काजळी वापरली. छोट्या दिव्याच्या धुरावर तुकडा धरायचा, त्याच्यावर काजळीचा पातळ थर बसला की तो जागेवर बसवायचा, हलक्या हाताने ठोकायचा आणि काढायचा. जिथे काजळी समोरच्या तुकड्याला लागली ते उंचवटे. तेवढेच कानशीने घासायचे, पुन्हा धुरावर धरायचं. नळ्या आणि त्यांच्या मागची पोलादी बैठक जिथे मिळतात तिथे हे दिवसेंदिवस चाले. लंडनमध्ये उत्तम दर्जाच्या बंदुका हाताने करणारे कारागीर आजही काजळी वापरतात. लाकूडही असंच बसवतात. धातूला काजळी किंवा रंग लावायचा, लाकडात टेकवायचा आणि डाग पडेल तिथे पटाशीने पापुद्रा काढायचा.

एका बंदुकीवर एकच माणूस काम करत नसे. नळ्या करणारा वेगळा, कळ करणारा वेगळा, बैठक बसवणारा, दस्ता करणारा, नक्षी कोरणारा आणि शेवटी सगळं जुळवणारा, असे सगळे वेगळे. नळीच्या खालच्या बाजूला, जिथे लाकूड झाकतं तिथे, त्यांची आद्याक्षरं बारीक ठोकलेली सापडतात. दुकानाचं नाव वर सोन्यात आणि यांची नावं आत, तेलाखाली. लाकूड काढल्यावर आधी ती शोधायची, ही सवय मी नोकरीत लावून घेतली आणि हाताखालच्या मुलामुलींनाही लावली.

लोखंडाबद्दलही तुम्हाला ऐकायला आवडेल. अठराव्या शतकात युरोपभर माद्रिदच्या नळ्यांना मान होता. तिथले लोहार जुने नाल आणि नालांचे खिळे गोळा करून ते एकत्र ठोकून नळी घडवत. नालाचं लोखंड आधीच कितीदा तापलेलं, ठोकलेलं आणि रस्त्यावर आपटून कसलेलं असे, त्यातला मळ निघून गेलेला असे. राजाचा बंदूकवाला निकोलास बिस नळीवर आपला ठसा सोन्यात उमटवायचा आणि त्याच्या ठशाची नक्कल इतर देशांतले कारागीर करत. फ्रेंच आणि जर्मन घरंदाज मंडळी स्पॅनिश नळी आणून तिला आपल्याकडची कळ आणि दस्ता बसवून घेत.

आता स्प्रिंग. कळीची मुख्य स्प्रिंग इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली असते. ती पट्टी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. दुमडीकडून टोकाकडे ती कानशीने हळूहळू पातळ करत नेतात, म्हणजे ताण एका जागी साचत नाही, पट्टीभर पसरतो. शिवाय घासण्याची दिशा लांबीला धरूनच ठेवतात. आडवा ओरखडा राहिला तर स्प्रिंग पुढे तिथेच मोडते. घासून झाली की तांबडी तापवून तेलात बुडवायची. तेव्हा ती काचेसारखी ठिसूळ होते, हातातून पडली तरी तुटेल. मग तिच्यावर पुन्हा तेल चोपडून ते पेटू द्यायचं. तेल जळून संपलं की स्प्रिंगला लवचिकपणा येतो. काही कारागीर हे दोनदा-तीनदा करत. तुम्ही टूलरूममध्ये कधी स्प्रिंगला असं पाणी दिलं असेल तर तो वास ओळखीचा असेल. तुमच्याकडे कोणतं तेल वापरत आणि रंग कुठवर येऊ देत, हे मला सविस्तर लिहून पाठवा. पुढच्या अंकात तुमचं पत्र पूर्ण छापू.